छत्तीस, बारा, आठ, चार

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातले संगणक देणगीत आलेले आहेत, आणि देणगीत येतात तसेच ते जुने आहेत. त्यांच्यावर ब्राउझर उघडायचा म्हणजे तोवर एक चहा होऊन जातो. टर्मिनल, म्हणजे काळ्या खिडकीत निव्वळ अक्षरांवर चालणारा कारभार, मात्र त्याच यंत्रावर बोट टेकवताच हलतो. शिवाय संध्याकाळी देवघेवीच्या टेबलासमोर रांग लागते तेव्हा ग्रंथपाल ताईंचा एक हात पुस्तकांत गुंतलेला असतो. माउसपेक्षा त्यांना कळफलकच बरा वाटतो. म्हणून यादी, शोध आणि देवघेव यांचा प्रोग्रॅम टर्मिनलमध्येच करू, असं मी कार्यकारिणीला सुचवलं. त्यांची अट एकच होती, सगळं मराठीत दिसलं पाहिजे.

प्रोग्रॅमिंग हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तरी या एका अटीने जितकं शिकवलं तितकं पगाराच्या कामाने क्वचितच शिकवलं असेल.

टर्मिनलमध्ये खिडक्या, चौकटी, याद्या मांडायला कर्सेस नावाची जुनी लायब्ररी आहे. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात केन आर्नल्ड यांनी ती लिहिली. 'रोग' हा भुयारातला खेळ तिच्याच जोरावर उभा राहिला. तिचा आजचा मुक्त अवतार म्हणजे एनकर्सेस. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० टर्मिनलवर आडवी ८० आणि उभी २४ घरं असत, आणि आजची काळी खिडकी उघडली तरी बहुधा तेवढीच घरं मिळतात. एका घरात एक अक्षर, हा त्या काळापासूनचा करार. जुनी कर्सेस तर एका आकड्यातच सगळं बसवायची. थोडे बिट अक्षराला आणि उरलेले ठळकपणा, अधोरेखा अशा गोष्टींना. इंग्रजीचं भागत होतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

यादीची पहिली खिडकी जुन्याच पद्धतीने काढून पाहिली. डावीकडे दाखल क्रमांक, मध्ये पुस्तकाचं नाव, मग लेखक आणि भोवती चौकट. क्रमांक नीट आले. नावांच्या जागी कुठे अक्षरं, कुठे टिल्डची चिन्हं, कुठे नुसता कचरा होता. चौकटीची उजवी बाजू प्रत्येक ओळीत वेगवेगळ्या ठिकाणी आत आलेली. नाव जितकं लांब तितकी ती अधिक आत.

याचं कारण सरळ आहे. आजचा मराठी मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ती बसवली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. कान्याला तीन, मात्रेला तीन, पाय मोडायलाही तीनच. कर्सेसची जुनी फंक्शन्स एका बाइटला एक घर देतात. म्हणजे प्रोग्रॅमच्या हिशेबाने नाव चौकटीपर्यंत पोहोचलेलं असतं आणि स्क्रीनवर ते अजून निम्म्या वाटेवर असतं.

यावर इलाजही ठरलेला आहे. एनकर्सेसची रुंद अक्षरांची आवृत्ती जोडायची, जिच्या नावाच्या शेवटी डब्ल्यू असतो. प्रोग्रॅमच्या आरंभी, कर्सेस सुरू करण्याच्या आधी, सेटलोकेल बोलवायचं. लायब्ररी उठतानाच आजूबाजूचं लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरपद्धतीची निवड, पाहून ठरवते की आपण यूटीएफ-८मध्ये आहोत की नाही, त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा. आणि मजकूर लिहिताना नावात डब्ल्यू असलेली भावंडं वापरायची. १९९६ साली एक्स/ओपन या संस्थेने कर्सेसचं प्रमाणक काढलं त्यात ती सगळी आहेत. त्यांच्यात घरात आकड्याऐवजी एक छोटी पेटी असते. एनकर्सेसमध्ये त्या पेटीत एक मुख्य अक्षर आणि त्याच्या अंगावरची चार चिन्हं, अशी एकूण पाच मावतात.

एवढं केल्यावर टिल्ड गेले, कचरा गेला, चौकट बरीचशी सरळ झाली. जपानी किंवा चिनी मजकूर असता तर काम इथेच आटोपलं असतं. त्यांची अक्षरं सरसकट दोन घरं घेतात, आणि दोन घरांचा हिशेब या फंक्शन्सना चांगला येतो. मराठीचं काम इथून सुरू झालं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेऊ. वाचनालयाच्या यादीत ते होतंच, आणि पुढे माझ्या सगळ्या चाचण्यांचं ते मुख्य गिऱ्हाईक झालं. हे नाव फाइलमध्ये ३६ बाइट घेतं. युनिकोडची चिन्हं मोजली तर १२ भरतात: स, पाय मोडणारं चिन्ह, म, ऋकार, त, पहिली वेलांटी, च, पुन्हा वेलांटी, त, पुन्हा पाय मोडणारं चिन्ह, र, मात्रा. एखाद्या शाळकरी मुलाला विचारलं तर तो बोटांवर चार अक्षरं मोजेल: स्मृ, ति, चि, त्रे. आणि टर्मिनलमध्ये किती घरं, असं सी भाषेच्या लायब्ररीतल्या डब्ल्यूसीविड्थ या फंक्शनला चिन्हागणिक विचारून बेरीज केली, तर उत्तर येतं ८.

हा आठ कुठून आला? युनिकोडने अंगावर चढणाऱ्या चिन्हांचे दोन गट केले आहेत, जागा न घेणारी आणि आडवी जागा घेणारी. उकार, मात्रा, अनुस्वार, ऋकार, पाय मोडणारं चिन्ह ही पहिल्या गटात, म्हणून त्यांची रुंदी शून्य. काना, दोन्ही वेलांट्या, काना-मात्रा आणि विसर्ग दुसऱ्या गटात. डब्ल्यूसीविड्थच्या तक्त्यात त्यांना एकेक स्वतंत्र घर मिळतं. म्हणजे सहा व्यंजनं आणि दोन वेलांट्या मिळून आठ. छापखान्याच्या नजरेने यात चूक नाही, काना खरोखरच जागा खातो. पण जोडाक्षरातला अर्धा स पूर्ण घर अडवून बसतो, तेही यातच आलं.

म्हटलं, चार अक्षरं तर चार पेट्या भरू. एका पेटीत पाच चिन्हं मावतात आणि 'स्मृ'ची चारच होतात. पेटी भरण्याचं काम सेटसीकॅर नावाचं फंक्शन करतं. नाव अक्षराअक्षराने दिलं आणि स्क्रीनवर उमटलं: स्, त, च, त्. नियम असा आहे की पेटीत रुंदी असलेलं चिन्ह एकच चालतं आणि तेही पहिलंच. त्यानंतरची सगळी शून्य रुंदीची हवीत. 'स्मृ'मध्ये म आला की पेटी बंद. 'ति'मध्ये वेलांटी आली की पेटी बंद. पुढचं निमूटपणे टाकून दिलं जातं, तक्रारही येत नाही. पेटीत पाच जागा असून मराठीच्या वाट्याला एकदीडच येते, कारण कोण आत जाणार ते रुंदीचा तक्ता ठरवतो.

तेव्हा तो नाद सोडला आणि सगळी ओळ एकदम रुंद फंक्शनला दिली. ते स्वतःच तक्ता पाहून चिन्हं आठ घरांत वाटून टाकतं. माझ्या लॅपटॉपवर नाव छान जुळून आलं. वाचनालयातल्या संगणकावर मात्र दोन्ही वेलांट्या आपापल्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसल्या.

"अरे, ही पहिली वेलांटी तच्या मागे का गेली?" ताईंनी विचारलं.

"ताई, प्रोग्रॅमने बरोबरच पाठवलंय. इथलं टर्मिनल एकेक घर सुटं काढतं, म्हणून तसं दिसतंय."

"तुझं पाठवणं बरोबर असेल रे, पण वाचणाऱ्याला नाव वाचता यायला हवं ना?"

ताई मराठी टंकलेखन शिकल्या त्या टाइपरायटरवर. तिथे पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, जसं कागदावर दिसतं तसं. संगणकात क्रम उच्चाराचा असतो, आधी त आणि मग वेलांटी. तिला उचलून डावीकडे नेणं हे अक्षर काढणाऱ्याचं काम. जे टर्मिनल दोन शेजारची घरं एकत्र पाहतं ते हे करू शकतं. जे प्रत्येक घराकडे वेगळं पाहतं त्याला वेलांटी कुणाची हेच कळत नाही. लिनक्सचा बिनखिडक्यांचा कन्सोल तर याच्याही आधी हात टेकतो. त्याच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात, देवनागरीची जोडाक्षरं त्यात बसवणार कुठे?

दिसण्याचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसत तरी होता. त्याहून चिवट प्रश्न यादी वरखाली सरकवताना आला. मागच्या नावाचा एखादा काना नव्या नावाच्या शेपटाला चिकटून राहायचा. 'कोसला'च्या ओळीत 'स्वामी'ची वेलांटी. खिडकीचा आकार बदलला की सगळं साफ, पुन्हा सरकवलं की पुन्हा तेच.

इथे कर्सेसचा जुना काटकसरी स्वभाव आडवा येतो. ती स्क्रीनच्या दोन प्रती बाळगते, एक आता स्क्रीनवर काय आहे त्याची आणि दुसरी काय असायला हवं त्याची. दोन्हींत फरक असेल तेवढंच पाठवते. १९८०च्या संथ तारांवर एकेक अक्षर वाचवणं गरजेचं होतं. अमुक ओळीच्या चाळिसाव्या घरात लिही, असं आपण सांगितलं तरी तो हुकूम जसाच्या तसा टर्मिनलकडे जाईल असं नाही. कर्सर आत्ता कुठे आहे याचा ती अंदाज बांधते आणि तिथून सगळ्यात स्वस्त वाट धरते. कर्सर तिच्या समजुतीप्रमाणे नसलाच, तर पुढचं सगळं एकदोन घरं इकडेतिकडे.

म्हणजे रुंदी दोघं मोजतात, प्रोग्रॅमच्या बाजूने कर्सेस आणि पलीकडे टर्मिनल, आणि मोजताना एकमेकांना विचारत नाहीत. घरच्या कॅलेंडरवर मांडलेलं दूध आणि दूधवाल्याच्या वहीतलं दूध यांच्यासारखं आहे हे. दोघंही प्रामाणिक असले तरी महिनाअखेरीला अर्धा लिटर जुळत नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षराला एक घर असल्यामुळे दोन्ही वह्या आपोआप जुळतात आणि दोन वह्या आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मराठीत पहिल्याच वेलांटीला ते उघड होतं.

मग टर्मिनललाच विचारायचं ठरवलं. तशी सोय आहे. एस्केप, चौकोनी कंस, ६ आणि एन एवढं टर्मिनलकडे पाठवलं की ते कर्सर आत्ता कुठल्या ओळीत आणि कितव्या घरात आहे ते उलट टपाली कळवतं. ओळीच्या आरंभी जायचं, नाव छापायचं, विचारायचं. आलेल्या आकड्यातून एक वजा केला की टर्मिनलच्या वहीतली रुंदी मिळते. कर्सेसला बाजूला ठेवून एवढंच करणारा लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि यादीतली अवघड नावं त्यातून काढली. एका टर्मिनलने 'स्मृतिचित्रे'ला ८ सांगितले. दुसऱ्याने ६, ते वेलांट्यांना वेगळं घर देतच नव्हतं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी सुसंगत. फक्त ६ म्हणणाऱ्यासमोर कर्सेस ८ धरून चालली होती, आणि उरलेल्या दोन घरांत आदल्या ओळीचे अवशेष राहत होते.

युनिकोडचंही या बाबतीत एकच मत कायम राहिलेलं नाही. एक अक्षर कुठे संपतं याचे त्यांचे नियम बरीच वर्षं पाय मोडलेल्या व्यंजनापाशी तोड मानत. त्या हिशेबाने 'स्मृतिचित्रे'ची सहा अक्षरं होत: स्, मृ, ति, चि, त्, रे. २०२३च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी आणि आणखी काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम आला, आणि सहाची चार झाली. शाळकरी मुलाचं उत्तर प्रमाणकात यायला एवढा काळ गेला. पण जुन्या यंत्रांवरच्या लायब्ऱ्या जुनेच नियम पाळत राहतात, त्यामुळे अक्षर कुठे तोडायचं ते मी प्रोग्रॅममध्येच लिहून टाकलं. अंगावर चढणाऱ्या चिन्हाच्या आधी तोडायचं नाही, आणि पाय मोडलेल्या व्यंजनापुढे व्यंजन असेल तर त्यांच्यामध्येही तोडायचं नाही. लांब नाव रकान्यात बसवताना याचा उपयोग होतो. कर्सेसचं 'एवढीच चिन्हं लिही' हे फंक्शन चिन्हं मोजतं, त्यामुळे ते खुशाल मधेच कापतं आणि रकान्याच्या टोकाला पाय मोडलेला स लोंबकळत राहतो.

आता मांडणी. मराठी मजकुराच्या उजवीकडे काही सरळ रेषेत यायला हवं असेल तरच रुंदीचा वाद पेटतो. म्हणून दाखल क्रमांक, तारीख, देवघेवीची खूण हे सगळं आकड्यांचं सामान डावीकडे घेतलं, आणि पुस्तकाचं नाव शेवटच्या रकान्यात. चौकटीची उजवी रेघ काढून टाकली. लेखकाचं नाव दुसऱ्या ओळीत, थोडं आत सरकवून. शिवाय यादी सरकली की दिसणाऱ्या ओळी डब्ल्यूरीड्रॉलाइन या फंक्शनच्या हवाली करतो. त्याचा अर्थ, या ओळींवर काय आहे ते विसर आणि पुन्हा सगळं काढ. काटकसर गेली, पण आजच्या संगणकाला वीसेक ओळी म्हणजे काहीच नाही. चिकटलेले काने त्या दिवसापासून गेले.

शोधाच्या चौकटीत टाइप करताना वेगळाच धडा मिळाला. कळफलकावरून येणारं चिन्हही रुंद फंक्शननेच वाचावं लागतं. जुनं फंक्शन एका चिन्हाचे तीन बाइट तीन वेळा हातात ठेवतं. ते सोपं होतं. खरा प्रश्न बॅकस्पेसचा. अक्षर अखंड मानायचं ठरलंय, तर बॅकस्पेसने 'त्रे' पूर्ण जावं की नुसती मात्रा? ताईंना टाइप करताना पाहिलं. मात्रा चुकली की त्या मात्राच पुसायला जातात, 'त्रे' पुन्हा मारायला लागलं तर वैतागतात. बाणाच्या कळीने मागे जाताना मात्र त्यांना 'त्रे'च्या आधी पोहोचायचं असतं, त्याच्या पोटात नाही. म्हणून पुसणं चिन्हागणिक ठेवलं आणि चालणं अक्षरागणिक. तोडायचा नियम, पुसायचा नियम आणि घरांचा हिशेब या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच लांबी लावणारं फंक्शन मराठीत कुठे ना कुठे अडकतंच.

'वाऱ्यावरची वरात' शोधात सापडेना, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. 'ऱ्या'मधला तो खास मराठी अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा म्हणजे साधा र, पाय मोडणारं चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, टर्मिनलच्या हिशेबातही रुंदी सारखीच, पण चिन्हं वेगळी. युनिकोडची नेहमीची एकसारखं करण्याची पद्धत या दोन रूपांना एक मानत नाही. यादीत नोंदी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी झालेल्या, म्हणून दोन्ही रूपं सुखाने नांदत होती. शोधण्यापूर्वी दोन्हींचं एक रूप करणारी पायरी घातली. 'ॲ'चंही तसंच केलं, कारण ते कधी एक चिन्ह म्हणून येतं, कधी अ आणि वरचा चंद्र अशी जोडी म्हणून.

सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले आमचे एक सभासद हे सगळं पाहून म्हणाले, "आमच्या डॉसच्या काळात मराठी दिसायची की!" खरं आहे. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड काढलं होतं. ते संगणकात बसवलं की डॉसच्या स्क्रीनवर भारतीय लिप्या उमटत. त्यामागे इस्की ही संकेतपद्धत होती. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट, म्हणजे 'स्मृतिचित्रे' १२ बाइटांत मावलं असतं. आजच्या युनिकोडमधला देवनागरीचा क्रमही इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच आला. स्क्रीनवर जोडाक्षरं जमवण्याचं काम इथल्या लोकांनी तेव्हा करून दाखवलं होतं, तेही स्वतंत्र कार्ड बसवून. आज कार्ड लागत नाही, फक्त टर्मिनल लिहिणाऱ्यांनी तेवढं मनावर घ्यावं लागतं.

कार्यकारिणीतल्या एकांनी हाच प्रोग्रॅम विंडोजवर मागितला आहे, आणि वाचनालयातल्या जुन्या मोडी कागदांची यादीही पुढेमागे त्यात यावी असं त्यांचं म्हणणं आहे. लिनक्सवर सीचं रुंद अक्षर ३२ बिटांचं असतं, विंडोजवर १६. देवनागरी १६ बिटांत आरामात बसते. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली ती त्या मर्यादेपलीकडच्या पत्त्यावर, त्यामुळे विंडोजवर मोडीच्या एकेका चिन्हाला दोन रुंद अक्षरं लागतील. एक चिन्ह म्हणजे एक रुंद अक्षर, हे तिथे धरून चालता येणार नाही. ते काम हाती घेण्याआधी कार्यकारिणीला मी हे लिहून दिलं आहे.

तोवर वाचनालयात एक रीत पाडली आहे. अवघड नावांची एक छोटी फाइल केली आहे: 'स्मृतिचित्रे', दोन्ही रूपांतलं 'वाऱ्यावरची वरात', 'ज्ञानेश्वरी', 'मृत्युंजय', विसर्गाचा एखादा शब्द आणि टोकाला जोडाक्षर असलेलं एक लांबलचक नाव. संगणक देणगीत आला की आधी त्याच्यावर रुंदी विचारणारा तो लहानसा प्रोग्रॅम चालवायचा आणि टर्मिनलचे आकडे कर्सेसच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. मग ताईंनी नावं मोठ्याने वाचायची. आकडे जुळले आणि ताईंना अडखळायला झालं नाही, तर प्रोग्रॅम बसवायचा. नाही तर टर्मिनल बदलायचं. प्रोग्रॅमला त्या टर्मिनलपुरतं ठिगळ लावायचं नाही, कारण पुढच्या देणगीला ते ठिगळही उसवावं लागतं.